मुंबईचा पोलीस शिपाई आणि त्याचे बिऱ्हाड

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार, जो पोलीस रजेवर नाही आणि निलंबितही नाही तो सदैव कामावर आहे असे मानले जाते आणि राज्याच्या एका भागात नेमलेल्या पोलिसाला गरजेप्रमाणे दुसऱ्या कोणत्याही भागात कामाला लावता येते. हे कलम स्वतंत्र भारताने नव्याने शोधून काढलेले नव्हते. १८६१ च्या ब्रिटिश पोलीस कायद्याच्या २२ व्या कलमात जवळजवळ याच अर्थाची तरतूद होती आणि २०१२ मध्ये १९५१ च्या कायद्याचे नाव बदलून महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाले तेव्हाही ती तशीच राहिली. पोलिसाच्या चोवीस तासांवर सरकारचा हक्क सांगणाऱ्या या वाक्यात त्याच्या घराचा उल्लेख नाही, आणि कायद्याच्या भाषेत तो असण्याचे कारणही नाही; परंतु मुंबईच्या पोलीस शिपायाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यातील बहुतेक तंटे, मागण्या, सुधारणा आणि तडजोडी याच न उल्लेखलेल्या घराभोवती फिरताना दिसतात.

या व्यवस्थेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या आधीच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते. पेशवाईतील आणि कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळातील महाराष्ट्रात गावाची राखण ही नोकरी नव्हती, ते वतन होते. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम आणि त्या कामाबदल्यात मिळणारी जमीन, धान्याचा वाटा किंवा मानपान. गावचा पाटील हा महसुलाप्रमाणेच शांततेलाही जबाबदार असे, त्याच्या हाताखाली महार वतनदार येस्कर म्हणून वेशीची राखण करीत, आणि बऱ्याच गावांत रामोशी किंवा जागल्या रात्रीचा पहारा देई. चोरी झाली तर चोराचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेणे हे त्याचे काम होते, आणि तो माग तेथपर्यंत पोचवता आला नाही तर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शके. या पद्धतीत कर्तव्य एका माणसाचे नसून घराण्याचे असे: बाप आजारी पडला तर मुलगा पहाऱ्याला जाई, भावाभावांत वतनाच्या वाटण्या होत, आणि काम चुकले तर बोल साऱ्या भावकीला लागे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण महार वतनात कामाला मर्यादा नव्हती आणि मोबदला नाममात्र होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याचसाठी, आणि ती वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. पाटीलकीचे वंशपरंपरागत वतन तर १९६२ च्या कायद्याने संपले, आणि आजचा पोलीस पाटील हा १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली मानधनावर नेमलेला माणूस आहे. म्हणजे वतनी राखण आणि पगारी पोलीस या दोन पद्धती शंभर वर्षे एकाच इलाख्यात शेजारी-शेजारी नांदत होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुंबई बेटावर गोष्ट निराळी होती. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने भंडारी समाजातील लोकांची पथके उभारून त्यांच्याकडे बेटाच्या राखणीचे काम सोपवले, आणि पुढची जवळजवळ दोन शतके शहराचा बंदोबस्त कधी या पथकांवर, कधी लष्करावर, तर कधी लाच खाण्याबद्दल खटले भरावे लागलेल्या अधिकाऱ्यांवर चालला. १८५७ च्या सुमारास शहराचे पोलीस सांभाळणारा चार्ल्स फोर्जेट हा वेष पालटून वस्त्यांत हिंडणारा हुशार अधिकारी होता, पण त्याची पद्धत त्याच्यापुरतीच होती. शिस्तबद्ध, कायम पगारी आणि शिरगणतीवर चालणारे दल उभे राहिले ते १४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर हा शहराचा पहिला पोलीस आयुक्त झाल्यानंतर. सूटर १८८८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, या पदावर होता, आणि त्याच्या काळात घट्ट झालेला साचा पुढील शंभर वर्षे फारसा बदलला नाही.

या साच्यात शिपायाची ओळख त्याच्या गावाने किंवा घराण्याने होत नसे; ती होत असे त्याच्या बक्कल नंबराने, म्हणजे गणवेशावरील धातूच्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकाने. हजेरी, शिक्षा, बक्षीस, रजा, बदली या सगळ्यांची नोंद या क्रमांकापुढे होई, आणि आजही एखाद्या ठाण्यात जुना हवालदार आपल्या सहकाऱ्याला नावाऐवजी बक्कल नंबराने हाक मारताना आढळतो. वतनदार राखणदार आणि बक्कल नंबराचा शिपाई यांतील फरक येथे नेमका दिसतो: पहिल्याचे कुटुंबच नोकरीत होते, तर दुसऱ्याच्या नोकरीने त्याला कुटुंबापासून वेगळा काढून एकटा मोजला. तरीही सरकारला त्याच्या कुटुंबाच्या श्रमावाचून एक दिवसही भागवता आले नाही, आणि या विसंगतीतूनच पुढचा इतिहास घडला.

शहरातील शिपाई मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः मराठा कुटुंबांतून, भरती होत. कोकणातील लहान शेती, खोतांची वसुली आणि मुंबईला जाणारी गलबते व पुढे आगबोटी यांमुळे तेथील तरुण आधीच मुंबईच्या वाटेवर होते. त्यांतले काही गिरणीत गेले, काही गोदीत, काही लष्करात, तर काही पोलिसात. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावीच राहत, शेतीचे काम पाहत आणि दर महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहत. गिरणीकामगाराच्या बाबतीत ही विभागलेली गृहस्थी इतिहासकारांनी पुष्कळ अभ्यासली आहे. शिपायाच्या बाबतीत तिच्याकडे कमी लक्ष गेले, याचे एक कारण असे की पोलिसांविषयी लिहिणारे बहुधा अधिकारी होते. १९०९ ते १९१६ या काळात आयुक्त असलेले एस. एम. एडवर्डस यांनी १६७२ पासूनच्या मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिला, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याला पर्याय नाही. परंतु त्यात आयुक्तांची प्रकरणे आहेत, शिपायाच्या घरात डोकावणारी खिडकी जवळजवळ नाही.

पगार हा या काळातील पहिला प्रश्न होता. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने १९०२-०३ मध्ये देशभरच्या पोलिसांची पाहणी केली तेव्हा शिपायाच्या लाचखोरीचा संबंध त्याच्या तुटपुंज्या वेतनाशी जोडला आणि शिपायाला महिना किमान ८ रुपये तरी मिळावेत अशी शिफारस केली. ज्या माणसाला शहरात स्वतःचे पोट भरून गावी घर चालवायचे आहे त्याला हा आकडा किती पुरणार, याचा विचार आयोगाने शिपायाला एकटा धरूनच केला असावा असे वाटते.

गावाकडचे हे नाते केवळ पैशाचे नव्हते. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यानंतर मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवसांचा संप केला, तेव्हा रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन्ही बाजूंत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे होती, आणि ज्यांच्यासाठी हा संप झाला ते टिळकही रत्नागिरीतच जन्मलेले. गिरणगावातील शिपाई ज्या खाणावळीत जेवत असे तेथेच त्याच्या गावचा साचेवाला जेवत असे. गावच्या देवळाची वर्गणी दोघेही देत. सरकारला अशा शिपायाची माहिती उपयोगाची होती आणि त्याच वेळी त्याच्या निष्ठेची धास्तीही होती, म्हणून मोठ्या प्रसंगी लष्कर बोलावण्याची सवय मुंबईच्या प्रशासनाला फार लवकर लागली.

घर आणि नोकरी यांतील ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती रजेच्या प्रश्नात. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील सर्वांत मोठा बंदोबस्त मोहरमचा असे. ताबुतांच्या मिरवणुका आणि त्यांच्याबरोबर निघणाऱ्या टोळ्या यांसाठी सारे दल रात्रंदिवस उभे राही, आणि एडवर्डस यांनी १९१२ मध्ये या टोळ्यांवर बंदी घालून तो बंदोबस्त पुष्कळ आटोक्यात आणला. त्याच सुमारास दुसरा एक उत्सव मोठा होत होता. १८९३-९४ पासून टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि पुढच्या काळात मुंबईतील पोलिसांच्या वर्षातील सर्वांत लांब आणि थकवणारे दिवस भाद्रपदातले ठरले. कोकणी माणसासाठी याचा अर्थ फार कठीण होता. शिमगा आणि गणपती हे कोकणातील घराचे दोन मोठे सण; मुंबईचा चाकरमानी वर्षभर रजा साठवून गणपतीला गावी जातो, घरची मूर्ती तो स्वतः आणतो, आरतीला तो स्वतः उभा राहतो. शिपायाच्या रजा मात्र नेमक्या याच दिवसांत बंद होतात. ज्या रात्री गावच्या घरी भजन चालू असते त्या रात्री तो लालबागच्या गणपतीच्या दर्शनरांगेजवळ किंवा गिरगाव चौपाटीवर दोरखंड धरून उभा असतो, आणि अनंत चतुर्दशीला सकाळी सुरू झालेला बंदोबस्त मोठ्या मंडळांच्या मूर्ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर विसर्जित होईपर्यंत सुटत नाही. घरच्या गणपतीची पूजा मग धाकटा भाऊ करतो, किंवा शाळकरी मुलगा. आपल्या वाट्याचा सण इतरांना नीट साजरा करता यावा म्हणून स्वतः सणाबाहेर राहणे हा या नोकरीचा अलिखित भाग झाला, आणि पोलिसांच्या कुटुंबांतील तक्रारींत पगाराइतकेच स्थान या गोष्टीला आहे.

शिपायाचे कुटुंब मोठ्या प्रमाणावर मुंबईत आले ते पोलीस लाईनमुळे. पोलीस लाईन म्हणजे पोलिसांसाठी सरकारने राखून ठेवलेल्या खोल्यांची वसाहत. नावात लष्करी बराकीचा वास आहे आणि सुरुवातीच्या लाईनींची कल्पनाही बराकीचीच होती, म्हणजे हाक मारताच माणसे एका जागी सापडावीत अशी. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या तीन मजली चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, मधोमध अंधारी ओसरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. गिरणीकामगारांना या चाळी सुरुवातीला महाग आणि गैरसोयीच्या वाटल्या व बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. पुढे यांतील अनेक इमारती पोलिसांकडे आल्या, आणि ज्या भिंतींआड सत्याग्रही कोंडले होते त्याच वस्तीत शिपायांचे संसार थाटले गेले, हा योगायोग मुंबईच्या इतिहासाला शोभणारा आहे.

एकशे साठ चौरस फुटांत एका शिपायाचे घर कसे मावते, हे पाहिले म्हणजे सदैव कामावर असण्याचा अर्थ उलगडतो. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, तिच्याशेजारी ओटा, भिंतीला फळी, फळीवर डबे, आणि दाराजवळच्या खुंटीवर इस्त्री केलेला गणवेश, ज्याला दुसऱ्या कोणत्याही कपड्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही असा घरातला नियम. पट्ट्याचे बक्कल आणि टोपीवरचे चिन्ह ब्रासो लावून घासण्याचे काम बहुधा मुलांकडे. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपला की पोरे अभ्यासाची पुस्तके घेऊन ओसरीत जात, बायका आपसांत हळू आवाजात बोलत, आणि शेजारच्या खोलीतला रेडिओ कोणी न सांगता बारीक केला जाई, कारण त्या खोलीतला माणूसही परवाच रात्रपाळीवरून आलेला असे. बारा तासांची पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, आणि एखाद्या दंग्याच्या काळात पाळी ही गोष्टच उरत नाही. अशा वेळी जेवणाचा डबा चौकीवर पोचवणे, मुलाला तापात दवाखान्यात नेणे, गावाहून आलेल्या सासऱ्यांची सोय करणे, शाळेची फी, रेशनची रांग हे सारे शिपायाची बायको एकटी निभावत असे. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, तरी तिच्याविना हजेरीपट पूर्ण होत नव्हता.

लाईनीचा एक फायदा मात्र मान्य करावा लागतो. येथे एकमेकांची अडचण सांगावी लागत नसे, कारण ती सगळ्यांची सारखीच असे; आणि मुलांच्या शिक्षणाविषयी एक समान जिद्द येथे वाढली. तोटाही याच रचनेत होता. घर सरकारचे असल्याने ते नोकरीला बांधलेले होते, निवृत्ती म्हणजे पगारापेक्षा छप्पर जाण्याची भीती जास्त. राहण्याची टंचाई कमी करण्यासाठी १९७४ मध्ये राज्य सरकारने पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ स्थापन केले, पण दलाची वाढ आणि घरांची संख्या यांची गाठ कधी पडली नाही.

अधिकाऱ्यांच्या घरी शिपायांना घरगडी म्हणून वापरण्याची ऑर्डर्ली पद्धत हा दुसरा सल होता. गणवेशातील माणसाने साहेबांच्या मुलांना शाळेत सोडावे, भाजी आणावी, कुत्रा फिरवावा, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला कोणी नसावे, हा विरोधाभास झोंबणारा होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मधील आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांचे वेतन, कामाचे तास, घरे आणि ही पद्धत यांचा विचार केला, तो त्या सुमारास देशात अनेक ठिकाणी उसळलेल्या पोलिसांच्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर.

मुंबईत हा असंतोष १९८२ मध्ये फुटला. त्या वर्षी १८ जानेवारीपासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप चालू होता, म्हणजे बीडीडी चाळींच्या काही इमारतींत पगार नसलेले कामगार आणि शेजारच्या इमारतींत त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम असलेले शिपाई राहत होते. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेने कामाचे तास, घरे आणि वागणूक यांविषयी मागण्या मांडल्या होत्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री आणि ज्युलिओ रिबेरो पोलीस आयुक्त असताना सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि १८ ऑगस्टला वरळी, नायगावच्या वसाहतींतून तिच्या नेत्यांना अटक झाली, त्यावर शिपाई कामावरून निघाले, त्यांच्यात कामगार मिसळले आणि शहरात जाळपोळ झाली. शेवटी सीमा सुरक्षा दल व लष्कर रस्त्यावर आणावे लागले. पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. घरातूनच अटक करण्यासाठी सरकारला लांब जावे लागले नाही, कारण ही घरे सरकारचीच होती आणि कोणता नेता कोणत्या खोलीत राहतो याची नोंद कचेरीत होती. बराकीच्या कल्पनेतून जन्मलेल्या वसाहतीचा हा उपयोग तिच्या मूळ रचनाकारांना पटला असता. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनेवर आधीच मर्यादा होत्या. या घटनेनंतर मुंबईच्या शिपायाची तक्रार पुन्हा अर्ज आणि ऑर्डर्ली रूम, म्हणजे वरिष्ठांसमोर व्यक्तिशः उभे राहून गाऱ्हाणे मांडण्याची ठरावीक वेळ, एवढ्यापुरती उरली.

शिपायाच्या कारकिर्दीची चढण लांब असते. शिपाई, नाईक, हवालदार, सहायक उपनिरीक्षक असा हा क्रम होता. अनेकजण तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणूनच निवृत्त होत, आणि २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द केले गेले ते मधली एक पायरी गाळून अधिक जणांना उपनिरीक्षक पदापर्यंत पोचता यावे यासाठी. या शिडीवरील सर्वांत परिचित नाव तुकाराम ओंबळे यांचे. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावचे ओंबळे आधी लष्करात होते, मग मुंबई पोलिसात आले, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते, आणि पत्नी व चार मुलींसह वरळीच्या पोलीस वसाहतीत राहत होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत त्यांनी हाती केवळ लाठी असताना दहशतवादी अजमल कसाबच्या रायफलीची नळी पकडून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच तो जिवंत हाती लागला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या शौर्याविषयी खूप लिहिले गेले आहे; येथे नोंदवायचे ते इतकेच की त्या रात्रीपर्यंतची त्यांची नोकरी लाईनीत राहणाऱ्या हजारो शिपायांच्या नोकरीसारखीच होती, तिच्यात वेगळे काही नव्हते. सेवेत मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे कुटुंबाचा आधार गेला म्हणून, नोकरी देण्याची जी तरतूद आहे, तिच्यातून पोलीस दलातही बापानंतर मुलगा किंवा मुलगी येते. वतनाची पद्धत मोडल्यावर कुटुंब असे मागच्या दाराने पुन्हा नोकरीत शिरले आहे.

कामाच्या तासांना पहिल्यांदा खरा हात लागला तो २०१६ मध्ये, आणि तोही खालून. देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्यांचे वेळापत्रक मांडून ते वरिष्ठांपुढे ठेवले, आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी मे २०१६ मध्ये त्याच ठाण्यात ते अजमावून पाहिले, आणि पुढच्या वर्षी ते शहरातील इतर ठाण्यांत नेले. दंग्याच्या, निवडणुकीच्या किंवा उत्सवाच्या दिवसांत ही पाळी मोडतेच, आणि दलातील रिकाम्या जागांमुळे ती इतर वेळीही टिकवणे अवघड जाते. पण शिपायाला संध्याकाळी घरी असण्याचा अधिकार आहे हे प्रशासनाने या निमित्ताने मान्य केले.

घराचा प्रश्न याच काळात वेगळ्या वळणावर आला. बीडीडी चाळींचा पुनर्विकास ठरला तेव्हा सामान्य भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरे मोफत मिळणार होती, पण पोलिसांच्या खोल्या सेवानिवासस्थाने असल्याने तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आजी-माजी पोलीस कुटुंबांचे काय, हा पेच उभा राहिला. त्यांच्या घरासाठी २०२२ मध्ये आधी ५० लाख, मग २५ लाख आणि अखेर १५ लाख रुपये किंमत ठरली. वरळीतील पहिल्या इमारतींच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या हवालदाराला १५ लाखांचे कर्ज कोणती बँक देणार, आणि गावच्या घराची जमीन विकावी की मुलाच्या पगारावर हप्ते बांधावेत, याची खलबते पोलीस कुटुंबांत चालू झाली.